अवर वाइफ

सव्वासहाला बाणेरच्या टॉवरखाली
स्कूटी स्टँडवर, हातमोजे डिकीत.
गेटवरचे ढमढेरे वही पुढे करतात:
नाव, फ्लॅट, वेळ, कारण.
कारणाच्या रकान्यात मी रोज लिहिते 'इंग्रजी'
आणि ते रोज विचारतात, "चिनी साहेबांकडे ना?"
"कोरियन."
"तेच ते."
आठ महिने झाले. आता हाच आमचा नमस्कार.

अकराव्या मजल्यावर दाराबाहेर चपला काढायच्या
हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.
मिस्टर नो उभे असतात, केस ओले, टाय खिशात.
आडनावच नो, आणि माणसाला
नाही म्हणता येत नाही.
तळेगावच्या प्लांटमध्ये जो जे विचारेल त्याला येस,
मग रात्री अकरापर्यंत ते येस निस्तरत बसायचं.
म्हणून तर मला लावलंय.
एचआरला खरं तर कुणी 'नेटिव्ह' हवा होता,
मिळाला नाही, किंवा परवडला नाही.
मी सासवडची. ए बी सी डी पाचवीत.
वेन्सडेतला डी मी कॉलेजात गेल्यावरही
ठणकावून उच्चारायचे,
हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

टेबलावर बार्लीचा गार चहा.
"झिरो म्हणा."
"जीरो."
"जेवणातला ज नको. जहाजातला. जरा, जुना, जगणं."
मराठी त्यांना कळत नाही. ते माझ्या दातांकडे बघत राहतात,
दाढ कोणती काढायची ते ठरवल्यासारखे.
एक अक्षर, दोन आवाज:
मला तरी कुठे कुणी शिकवलं होतं?
घरात पडलेलं होतं, उचललं.

गृहपाठ: माय फॅमिली, सहा ओळी.
पहिलीच ओळ, 'अवर वाइफ लिव्ह इन उल्सान.'
लाल पेन. लिव्हला एस लावला.
अवरवर काट मारली, वर लिहिलं माय.
"अवर म्हटलं की ती सगळ्यांची होते, मिस्टर नो."
मी हसले. त्यांचे कान लाल झाले.
मग फोनमध्ये एक शब्द शोधला, सापडला नाही,
फोन पालथा ठेवला.
"माय वाइफ," ते म्हणाले, "इट साउंड... टू अलोन."
"ग्रामर आहे," मी म्हटलं, आणि पान उलटलं.

खाली ढमढेरे: "काय, आमचे साहेब शिकले का काही?"

पाषाणच्या चढावर सिमेंटचा मिक्सर आडवा झालेला.
स्कूटी बंद करून उभी होते तेव्हा आठवलं,
पेन्शनच्या खिडकीशी आई,
पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट:
"आमचे हे गेले हो, मार्चमध्ये."
"आमचे म्हणजे कुणाचे? नाव सांगा, आजी."
ती एकटी, ते एकटे,
आणि चाळीस वर्षं बोलण्यात दोघंही अनेकवचनी.
माझे असं ती कधी म्हणाली नव्हती.
तेव्हाही म्हणाली नाही.
फॉर्म माझ्याकडे सरकवला
आणि भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसली.
नाव मी लिहिलं. स्पष्ट अक्षरात. आडनावासकट.
मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी वहीत
माय वाइफ लिव्ज इन उल्सान,
माय वाइफ लिव्ज इन उल्सान,
दहा वेळा, पट्टीने आखलेल्या रेघांवर.
कुणी सांगितलं नव्हतं.
एसही प्रत्येक वेळी जागेवर.
मला वाटलं काहीतरी बोलावं.
शुक्रवारी त्यांची कंपनीची परीक्षा,
आणि परीक्षेत आमचे हे चालत नाहीत.
दहापैकी दहा दिले.
त्यांनी वाकून वही घेतली,
माझ्या ग्लासात चहा ओतला, मग स्वतःच्या,
आणि मी न विचारताच म्हणाले,
"झिरो."
अगदी जहाजातला.