तीन महिन्यांची सोय

बर्नबीत, लॉन्ड्रीच्या वर माझं ऑफिस.
खालच्या ड्रायरची धग टेबलाच्या पायांत येते.
झुराब आणि लामारा, कुताइसीहून, उतरून आठ दिवस,
कोट मांडीवर घेऊन बसलेत.

सरकारी कार्ड यायला तिसरा महिना उजाडेल.
तोवरचं आजारपण माझ्याकडून विकत घ्यायचं,
म्हणजे आजारपण नव्हे, पण
कळलं त्यांना.

रक्तदाब? "नाही."
मधुमेह? "नाही."
विमानतळावरही त्याने असंच सांगितलं असणार,
सोबत काही आणलंय का विचारल्यावर,
आणि बॅगेच्या तळाशी तिने फडक्यात गुंडाळलेला चीजचा गोळा.

हृदय?
इथे तो खिडकीबाहेर बघतो.
पार्किंगमध्ये बर्फ, त्यात कुणाचा तरी एकच हातमोजा.
"घोड्यासारखं आहे."

मी पेन खाली ठेवते.
लपवलेलं निघालं तर कंपनी ऐन वेळी हात वर करते, सांगते.
इस्पितळाची एक रात्र केवढ्याला, कागदावर लिहून दाखवते.
तो आकडा लामारा वाचते. दोनदा.
मग काही न बोलता त्याच्या शर्टाचं वरचं बटण काढते,
मग खालचं,
पोराला आंघोळीला नेताना काढावं तसं.
छातीच्या मधोमध फिकट, सरळ, उसवून पुन्हा शिवलेली रेघ.

हप्ता दुपटीवर गेला.
झुराब नोटा मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो.
"हिला मात्र काहीच नाही," म्हणतो. "लिहा."
मी तिच्याकडे बघते.

ती त्याची बटणं लावत असते.