झडप

कानोच्या प्रसूतिगृहामागची खोली.
आत जनरेटर
आपलाच उष्टा श्वास पुन्हा पुन्हा ओढत
धापा टाकतोय.
एक खिडकी होती, तीही चोरांच्या धास्तीने
कुणी विटांनी बुजवलेली.

तानिमू खडूने भिंतीवर आखतो:
गार हवा इथून, खालून,
रेडिएटरच्या तोंडाहून दीडपट ऐसपैस.
गरम समोरून, वर, बाहेर.
दोघींची पुन्हा गाठ पडता कामा नये.

आणि धूर? तालातू दाई विचारते,
कडेवर पिळलेल्या चादरी.
तो बोट धरतो वॉर्डच्या खिडकीवर,
मग हळूहळू नेतो दूर,
छपरावरून, कडुलिंबाच्या शेंड्यापलीकडे.

वाऱ्याकडे तोंड हवं, पुस्तक म्हणतं.
पुस्तकाने हरमॅटनचा वारा खाल्लेला नाही,
दातांखाली करकरणारं वाळवंट.
बाहीने रेघ पुसून
तो बगलेच्या भिंतीशी उकिडवा बसतो.

तिथे खिळा. जमिनीपासून वीतभर.
गार्बा चौकीदाराच्या जपमाळेचा.
गेल्या थंडीत
दार लावून इथेच निजला होता, उबेला.
सकाळी मशीन चालूच होतं.

नव्या झडपेचा कोपरा नेमका खिळ्यावर येतो.
तालातू काही बोलत नाही.
तानिमू टेप पुन्हा लावतो,
चौकट चार बोटं सरकवतो.