वांगी कलर

केस वाढवायला कारण लागतं, हे मला ठाऊक नव्हतं.
न्हावी आजारी पडला, त्यात व्होल्टेज पडलं,
चोपड्याच्या अर्ध्या शिवारातल्या मोटरी एकदम जळाल्या,
आणि मान वर काढली तेव्हा केस खांद्यावर होते.

नवस बोलला का रे? लोटनतात्यांनी विचारलं.
कुणी म्हणालं भजनी मंडळ, कुणी म्हणालं भानगड.
माझ्या आजोबांचं नाव झिपरू,
आणि डोकं जन्मभर तांब्याच्या बुडासारखं.
नाव त्यांनी वापरलं नाही, मी वापरतोय,
एवढं सांगून मी पुन्हा कॉइल भरायला बसतो.

रिवाइंडिंगच्या दुकानात मोकळे केस चालत नाहीत.
ग्राइंडर कुणाची हौस बघून थांबत नाही.
आधी सुती टेप बांधली, वार्निशचा वास उशीपर्यंत आला.
मग सत्तावीस गेजची तार. बायको म्हणाली,
दोन टोकं मोकळी सोडलीयत, जोडू का स्टार्टरला?
मग केळीच्या सोपटाची दोरी, संध्याकाळपर्यंत वाळून करकरीत.
मग मिठाईच्या पुड्याचं रबर. ते निघताना
सावकारासारखं, थोडं मुद्दल ओढूनच निघायचं.

म्हणून गेलो जुबेदाआपा मन्यारांच्या दुकानात.
बांगड्यांच्या नळ्यांमागे, टिकल्यांच्या पाकिटांशेजारी
बरणीत एकमेकींत अडकून बसलेली केसांची रबरं.
आपांनी चष्मा वर केला. "कोणले?"
या दुकानात बाप्ये येतात ते कुणासाठी तरी येतात,
माप बोटांनी हवेत दाखवतात,
रंग फोनवर विचारतात.
मी म्हणालो, "माले."
दोन अक्षरं.
पंखा तेवढा फिरत राहिला.

आपांनी अख्खी बरणी काउंटरवर उपडी केली.
लाल, पिवळी, निळी. माझा हात आपोआप
तीन फेज वेगळ्या करायला लागला.
लाल बांधावी तर डोक्यात करंट असल्यासारखं,
पिवळी हळदीची, निळी शाळेतल्या पोरींची.
मी मुकाट काळीकडे वळलो.
काळ्यावर काळी, कुणाच्या डोळ्यात येणार नाही.

"काली मत लेना, उस्ताद," मागून आवाज.
केळी भरायला आलेला ट्रकवाला, लुधियान्याचा,
पटक्याखाली जन्मापासूनचे केस,
मुठीत सुटे पैसे, नेहमीच्या गिऱ्हाइकासारखा.
"रात को केबिन में गिरी, तो सुबह तक नहीं मिलती."
त्याने सहा केशरी उचलल्या,
एकेक अंगठ्यांवर ताणून पाहिली,
पंखापट्टा घेताना बघतात तशी,
आणि निघून गेला.
त्याला कुणी विचारलं नाही, कोणले.

"मग वांगी कलर द्या," मी म्हणालो.
मनात होता जांभळा,
केळीचं कमळ उलगडायच्या आधीचा.
आपांनी काढली ती हिरवी.
पांढुरकी हिरवी, भरताच्या वांग्याची,
अंगावर फिक्या रेघा असलेली.
आमच्याकडे वांगं आणखी कुठल्या रंगाचं असणार?
वाद घातला नाही. दहाला दोन.

आता मोटर घेऊन येणारे आधी मानेकडे बघतात.
परवा दगाजी आला, सबमर्सिबल लुनाला बांधून.
दोर सोडता सोडता थांबला,
म्हणाला, हे हिरवं काय लावलं?
म्हटलं, अर्थिंग.
त्याने समजल्यासारखी मान हलवली,
मग बराच वेळ माझे पाय जमिनीला टेकलेत का ते पाहिलं.

दुसरी मनगटावर असते.
रात्री काढून खुंटीला अडकवतो.
सकाळी बघतो तर खुंटी रिकामी
आणि बायकोच्या वेणीच्या टोकाला हिरवं.
विचारलं तर म्हणते, काळी सापडली नाही.
मी कोपऱ्यात सोपट शोधतो.