हद्द कायम मोजणी

खुर्च्या कमी पडल्या. उभे आहात त्यांनी भिंतीला टेका,
मला फार बोलायचं नाही.
शाल घडी करून ठेवलीय वायदंड्यांनी,
नारळही दिसतोय टेबलाखाली, पिशवीतून शेंडी बाहेर.
असू द्या.

पहिल्यांदा विट्याला आले तेव्हा या कचेरीत
शंकूसाखळी होती, तेहतीस फूट, सोळा आणे,
आणि ती ओढणारे मुलाणी होते, केस काळे.
आता तुमचा रोव्हर आकाशाला विचारून सांगतो
पाय कुठं आहेत ते.
चांगलं आहे, उन्हात माणूस कमी भाजतो.
पण बांधावर पोचलात की आधी पाणी मागा.
दोन्ही घरांत मागा, प्रणाली.
एकाच घरचं प्यायलात
की मोजणी तिथंच वाकडी झाली.

वायदंडे, तुम्हाला मोडी येत नाही,
पण टिपणांचं बासन नुसतं हुंगून
गाव सांगता.
तीस वर्षं कसरीला आत येऊ दिली नाहीत.
याला पदोन्नती नसते, मी दोनदा लिहून पाहिलं.

आणि मुलाणी, रेणावीच्या माळावर
तिपाई खांद्यावर घेऊन तुम्ही पुढं, मी मागं.
कोचीनहून गलाईवाले यायचे चार गुंठ्यांसाठी,
पायात चकचकीत बूट,
आणि खुणेचा दगड दिसला
की पोरासारखे हमरीतुमरीवर यायचे.
तुम्ही मधे बसून विडी पेटवायचात.
निम्मे तंटे त्या धुरात मिटले,
नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही.

आता जे सांगायचंय ते निरोपाच्या भाषणात बसत नाही.

लेंगऱ्याच्या निकमांचा गट. साल दोन हजार दोन, वैशाख.
उताराला साखळी सैल पडली.
पुन्हा ताण द्यायला हवा होता, दिला नाही.
घरी पोरगं फणफणलेलं, चारची एसटी गाठायची होती.
हे कारण म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतेय.
दगड रोवला. परसराम, सगाजी,
दोघा भावांच्या सह्या घेतल्या, खाली माझी.
दोन वर्षांनी शेजारचा गट मोजताना
नऊ फूट कमी भरले.
तेव्हाच कळलं मला.
आणि मी फाईल बांधून ठेवली.

नऊ फूट.
पुढं एकाच्या लेकीचं लग्न झालं,
दुसऱ्याच्या घरी त्या दिवशी
रोजच्यासारखी भाकरी थापली.

गेल्या रविवारी गेले होते.
परसराम राहिले नाहीत.
सगाजीनं सगळं ऐकलं, तंबाखू मळत.
म्हणाला, बाई, दगड चुकला म्हंतासा,
आमी काय दगडामुळं भांडलो व्हय?

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.
नाही वाटलं.
येताना दगडाकडं पाहिलं,
चुना कुणीतरी दर दिवाळीला मारत असावं,
पांढराशुभ्र होता.

दुरुस्तीचा प्रस्ताव टेबलावर आहे, काचेखाली.
चूक कुणाची, त्या रकान्यात लिहिलंय:
शैलजा दबडे, तत्कालीन भूकरमापक.
प्रणाली, मोजणी तू कर.
माझी सही दिसली म्हणून हात आखडू नकोस.
आणि पाणी, सांगितलं तसं.

किल्ल्या ड्रॉवरमध्ये. डावं कपाट जोरानं ओढावं लागतं.
चहा गार होतोय, आणि मघापासून
खिडकीशी भाळवणीच्या एक आजी उभ्या आहेत,
नकाशाच्या नकलेसाठी, अकरापासून.
त्यांना आधी आत बोलवा.
शिक्का अजून माझा आहे,
पावणेसहापर्यंत.