मयत

मतदारयादीत शलोमी मावशीच्या नावापुढे
कुणीतरी लिहिलं होतं : मयत.

शरणपूरच्या आमच्या आळीत सतरा जण
असे एका रात्रीत वारलेले.
पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू या.
मावशी म्हणाली, केली. आता स्कूटर काढ.

तहसीलमध्ये, तिसऱ्या खेपेला,
कारकून मान वर न करता बोलला,
आजी, एका मतानं काय होतंय?
निवडून येणार तर तेच.
आणि भक्कम माणूस एकच बरा, नाही का?

तीस वर्षं मिशनच्या शाळेत हजेरी घेतलेली बाई ती.
"पोर नसलं तर गैरहजर लिहावं.
समोर उभं असताना लिहिलं,
तर ते पाप पोराचं नसतं."
मग पिशवीतून निघालं आधार, वीजबिल,
बाप्तिस्म्याचा पिवळा दाखला,
आणि उरलेल्या सोळा जणांचे अर्ज.

परतताना कब्रस्तानाशी थांबायला लावलं.
भिंतीपलीकडे काकांची कबर.
ती उतरली नाही.
"त्यांना सांग," म्हणाली,
"इतक्यात येत नाही.
वीस तारखेला काम आहे."