डोक्यावर लाट असलेलं अक्षर

पुंता अरेनासला वारा दार ढकलत नाही,
उपटायला बघतो.
त्यातून वाट काढत माझ्या दुकानी
दिवसाला दोन गिऱ्हाइकं येतात, सरासरी.
मंगळवारचं दुसरं: एलेउतेरिओ मान्सिया,
पोर्वेनिरच्या फेरीबोटीवर एकवीस वर्षं,
आता पेन्शन आणि गुडघे.
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क
काउंटरवर ठेवून म्हणाले,
"पोरी, ही कॉम्प्युटरला दिसत नाही."

पडली का? नाही.
पाणी? नाही.
काढताना नीट काढली, की ओढली?
यावर ते खिडकीबाहेर बघू लागले.

आधी केबल. नेहमी आधी केबल.
माणसं डिस्कचं सुतक धरून येतात
आणि मेलेली असते वीतभर वायर.
बदलली. दिवा लागला, निळा.
आत फिरणं नाही.
पुढच्या पोर्टला वीज अपुरी येते,
माझ्या जुन्या डब्याचं ते दुखणं मला ठाऊक;
मागच्या बाजूला लावली, वाकून, चाचपडत.
मग तिच्यावर कान टेकला.
एलेउतेरिओंनी टोपी काढली.
टकटक असती तर तिथंच हात टेकले असते.
टकटक नव्हती. घरघर होती,
बारीक, सलग, पोट भरलेल्या मांजरीची.

तरी पडद्यावर काही नाही.
सी आहे, डी आहे,
ई तर कार्ड रीडर उगाच अडवून बसलाय.
हिचा पत्ता नाही.

"आहे काय हिच्यात?" मी विचारलं, वेळ काढायला.
"समुद्र."
प्रत्येक फेरीचा. तारीख, वारा, लाट किती हात,
कोण कोण ओकलं.
एकदा एक बिशप. मेंढ्या कधीच नाहीत.
पुतण्याच्या कॉम्प्युटरनं त्या मोडक्या केबलवरून
विचारलं होतं म्हणे, फॉरमॅट करू का?
निबाल्दो घाबरट आहे.
जन्मात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

डिस्क मॅनेजमेंट उघडलं.
आणि तिथं, खालच्या ओळीत, होतीच की ती!
पाचशे जीबी, निळी पट्टी, तब्येत ठणठणीत,
फक्त अक्षर नव्हतं.
अक्षर नाही त्याला विंडोज दारात उभं करत नाही;
ओढाताणीत कधीतरी तिचं गळून पडलेलं.

"कुठलं अक्षर देऊ?"
मी आपलं रीत म्हणून विचारलं, एफ देणारच होते.
त्यांनी विचार केला. बराच.
"एन्ये," म्हणाले.
"एन नव्हे. एन्ये. डोक्यावर लाट असलेलं."

बायकोला ते न्याता म्हणायचे, नकटी,
चाळीस वर्षं, लाडानं आणि भांडतानाही.
नोंदी तीच टाइप करायची, शनिवारी,
हे ओल्या वहीतून वाचून दाखवत,
आणि बिशपाच्या ओळीला ती इतकी हसली
की ती ओळ दोनदा टाइप झाली. अजून तशीच आहे.

मी यादी उघडून पडदा त्यांच्याकडे वळवला.
ए पासून झेड. सव्वीस.
आमची भाषा सत्ताविसांची,
पण मशीनला ती लाट कुणी शिकवली नाही.
"मग एन दे," म्हणाले,
बाक भरल्यावर माणूस उभ्यानं जायला तयार होतो
तसं.

दिलं.
टुणकन आवाज झाला आणि आली,
फोल्डरवर फोल्डर, वर्षावर वर्ष.
त्यांनी एकही उघडलं नाही.
माझं मार्कर उचललं,
डिस्कच्या पाठीवर एन काढला मोठा
आणि त्याच्यावर, हात न थरथरता,
लाट.

"किती झाले?"
मी केबलचे पैसे घेतले.
"आता ओढायची नाही," बजावलं मी,
"आधी सांगायचं, मग काढायची."
"हो," म्हणाले ते,
आणि डिस्क मोज्यात घालता घालता थांबले;
मोजा उलटा होता.
आधी तो सुलटा केला.