सात बरोबर

रात्रीचा दीड. सातपूर, पपया नर्सरीच्या मागची गल्ली,
दुसरा मजला. खालची लेथ थांबली
तेव्हा कळलं, ती इतका वेळ चालू होती.
पाचला दिंडोरीहून कंटेनर हलेल न्हावाशेव्याकडे
आणि द्राक्षाच्या खोक्यांची लेबलं छापणारा प्रोग्रॅम
दोन तोंडांनी बोलतोय.

वर माझी ओळ: देठ सुकतात, वजन उतरतं,
किलोमागे वीस ग्रॅम जास्त भरा.
खाली गोरख आहेरची: खोक्यामागे शंभर, सरसकट.
मध्ये सात बरोबरची चिन्हं,
जिन्यात भांडण ऐकत उभ्या शेजाऱ्यांसारखी.

पाच किलोच्या खोक्याला
दोघांचा हिशोब अगदी एकच येतो.
फरक पडतो तो सव्वाआठच्या खोक्यात,
जे आम्ही आजवर
मोजून दोनदा पाठवलंय.

तीन आठवडे झाले, गोरख बोलत नाही.
गिऱ्हाइकासमोर मी त्याची चूक काढली होती.
चूक होती. पण गिऱ्हाइकासमोर.

माझंच ठेवायचं तर एक बटण.
त्याचं ठेवायचं तरी एकच,
वर मोठेपणाही फुकट.
दोन्ही ठेवून पाहिलं:
खोकं भरलं पाच किलो दोनशेचं,
आणि मशीन हूं की चूं करेना.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
इतकं हिरवं बघून पोटात गोळा आला.

मग सेटिंग बदललं, तिसरं दाखव म्हटलं,
आम्हा दोघांच्या आधीचं.

खैरनार सरांची ओळ. जादा वजन: शून्य.
शेजारी त्यांचा शेरा, सहा वर्षांपूर्वीचा:
‘देठाचं नक्की माहीत नाही.
पॅकहाऊसला जाऊन वजन करून बघणे.’

कुणी गेलं नव्हतं.
माझे वीस ग्रॅम मी कुठून आणले?
आठवेना. कुणीतरी चहा पिताना म्हणालं होतं.

फोन लावला. दोन वाजून गेलेले.
तिसऱ्या रिंगला उचलला, हॅलो नाही, काही नाही.
‘सव्वाआठचं ना?’
मागे कीबोर्ड वाजत होता.
‘सरांचा शेरा बघितलास?’
‘आत्ताच.’
बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला,
त्याचा की माझा, कोण जाणे.
‘मंगळवारचं एक खोकं कोल्ड स्टोरेजला पडलंय,’ तो म्हणाला,
‘डाग होता म्हणून काढलेलं. चिठ्ठीवर तेव्हाचं वजन आहे.
मी मखमलाबादहून निघतो, म्हसरूळला थांबतो.
येतेस बरोबर?’

फाइल तशीच उघडी ठेवली, काही पुसलं नाही.
स्वेटर घेतला. आत चार डिग्री असतं.
जिन्यात परत फिरले,
ड्रॉवरमधून पेन घ्यायला:
वजन लिहायचं होतं कशावर तरी.